पहाटे साडेचारला उठवणारं मांजर घरच्या घरी कसं घडवावं

मांजर घरात आणलं की ते आपोआप पहाटे उठवायला लागतं, असा एक गैरसमज आहे. तसं काही होत नाही. मावशीच्या माळ्यावरून किंवा सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेलं पिल्लू पहिले काही दिवस ऊब मिळेल तिथे मुटकुळं करून पडतं आणि तुम्ही उठाल तेव्हा उठतं. पहाटे साडेचारला मालकाच्या छातीवर बसून त्याच्या नाकपुड्यांकडे एकटक बघणारं जे तयार मांजर तुम्ही दुसऱ्यांच्या घरी पाहता, त्यामागे त्या घराची मेहनत असते. ती कुणालाही जमण्यासारखी आहे. शिक्षणाची अट नाही, जागा कमी असली तरी चालते, आणि खर्च म्हणाल तर महिन्याला दाण्यांची एक थैली जास्त.

पुढची कृती क्रमाने करावी. मधली पायरी गाळल्यास मांजर सकाळी सातपर्यंत झोपून राहण्याचा धोका संभवतो.

१. पहिल्या पहाटे उठा

सुरुवात मांजर करतं, पण पाया तुम्हीच घालायचा असतो. मांजर हा रात्रीचा प्राणी, असं सर्रास म्हणतात. खरं तर तो तिन्हीसांजेचा आणि झुंजूमुंजूचा प्राणी. अंधूक उजेडातली शिकार त्याच्या अंगात मुरलेली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नसला तरी अंग जागं व्हायचं राहत नाही. मांजर पाठीची कमान करून आळस देतं, घरभर एक फेरी मारतं आणि तुमच्या खोलीच्या दाराशी येऊन ‘म्याँव’ म्हणतं.

या पहिल्या म्याँवमागे कसलाही बेत नसतो. तुम्ही पांघरूण डोक्यावर ओढून घेतलंत तर ते खिडकीत जाऊन कबुतरं बघत बसेल आणि सगळंच मुसळ केरात जाईल. म्हणून पांघरूण ओढू नका. मनात म्हणा, ‘बिचारीला भूक लागली असेल.’ ‘बिचारी’ हा शब्द मनात आला की पाय आपसूक जमिनीला टेकतात. स्वयंपाकघरात जा, दिवा लावा, डबा खुळखुळवा, मूठभर दाणे वाटीत टाका.

एवढ्याने काय होणार, असं वाटेल. १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण मानसशास्त्रज्ञाने आपले मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर पेटीत कोंडायचं आणि खाणं बाहेर ठेवायचं. मांजर चावायचं, ओरबाडायचं, फटीतून पंजा घालून बघायचं आणि या धडपडीत चुकून कधीतरी कडीला धक्का लागून दार उघडायचं. पुन्हा कोंडलं की वेळ कमी लागायचा. असं करता करता मांजर आत टाकल्याबरोबर सरळ कडीलाच हात घालू लागलं. थॉर्नडाइकला त्यासाठी पेट्या ठोकाव्या लागल्या. तुमच्याकडे वन बीएचके तयारच आहे. कडीच्या जागी तुम्ही आहात.

२. ‘आजच्या दिवस’ म्हणायला शिका

हा मंत्र आहे. आज पाहुणे झोपलेत, आजच्या दिवस देऊ. उद्या मुलीचा पेपर आहे, तिची झोप मोडायला नको, आजच्या दिवस. रविवारी तरी शांतपणे झोपू, म्हणून आजच्या दिवस. मांजराला रविवार कळत नाही, संकष्टी कळत नाही, दिवाळीची सुट्टी तर मुळीच कळत नाही. त्याच्याकडे सगळे दिवस आजचेच असतात.

३. ठाम राहा, पण शेवटपर्यंत नको

हा या विद्येचा गाभा आहे. घाईने वाचू नका.

कुणीतरी जाणकार तुम्हाला सांगेलच, ‘दुर्लक्ष करा. लक्षच द्यायचं नाही.’ सल्ला उत्तम आहे, जरूर पाळा. साडेचारला मांजर ओरडू लागलं की डोळे घट्ट मिटून पडून राहा. पावणेपाच होतील. श्वास संथ ठेवा. पाच होतील. कुशीवर वळू नका, कारण कुशीवर वळणं म्हणजे जाग आल्याची कबुली. पाच वाजून पाच मिनिटांनी मात्र ‘घे बाई, गीळ!’ असं म्हणून ताडकन उठा आणि वाटी भरा.

आता मांजर काय शिकलं ते पाहा. ओरडून उपयोग नाही, हे ते शिकलं नाही. पस्तीस मिनिटं ओरडावं लागतं, एवढंच शिकलं. दुसऱ्या दिवशी आणखी निग्रह करा आणि सव्वापाचला उठा. तिसऱ्या दिवशी वैतागून पहिल्याच हाकेला उठा. चौथ्या दिवशी उठूच नका. पाचव्या दिवशी शेवटची बस चुकल्यासारखे धावा. असा अनियमितपणा हाताला बसायला थोडे दिवस लागतात, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बहुतेकांना तो जन्मजात येतो.

फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांची मंडळी मुख्यतः कबुतरं. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकरच नाद सोडतं. कधी तीन चोचींनी, कधी तिसांनी, कधी शंभरांनी दाणा मिळत असेल, तर ते चोच मारतच राहतं. मटका लावणारा माणूस आकडा लागला नाही म्हणून घरी बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही कधी उठता, कधी उठत नाही, म्हणूनच मांजराचा तुमच्यावरचा विश्वास अढळ राहतो.

एक धोक्याची सूचना. समजा तुम्ही खरोखरच दुर्लक्ष करत राहिलात, तर एक रात्र अशी येते की मांजराचा आवाज अचानक दुप्पट होतो. दार खरवडलं जातं, पडदा फाटतो, वरच्या मजल्यावरून ‘काय झालं हो?’ अशी विचारणा होते. सवय मोडायच्या आधी ती अशी एकदा उसळी घेते. म्हणजे तुम्ही मांजर बिघडवण्याच्या अगदी जवळ पोहोचलेले असता. नेमकं तेव्हाच उठा आणि जरा जास्त द्या. एवढ्या एका रात्रीत मांजराला कळतं की म्याँव हे नुसतं विनंतीपत्र होतं, खरा अर्ज पडद्यावर करायचा असतो.

४. हत्यारं ओळखा आणि प्रत्येकाला दाद द्या

ओरडणं हा बालवर्गाचा अभ्यास झाला. गंमत म्हणजे मोठी मांजरं आपसांत म्याँव फारसं करतच नाहीत. पिल्लू आईला करतं आणि मोठं मांजर माणसाला. त्यांच्या लेखी तुम्ही आईच आहात, फक्त शिकार न येणारी आणि उशिरापर्यंत लोळणारी.

पुढच्या इयत्तेत पंजा येतो. नखं आत घेतलेला, मऊ, थंड पंजा आधी गालावर ठेवला जातो. तुम्ही हलला नाहीत तर खालच्या ओठावर. तरीही नाही, तर पापणीवर, आणि या वेळी नख अगदी जेमतेम बाहेर, सुईचं टोक दिसावं इतकंच. मांजर तुम्हाला बोचकारत नाही. बोचकारता येतं, हे फक्त नजरेस आणून देतं.

उशाशी स्टूल असेल तर पुढचा भाग फार प्रेक्षणीय होतो, म्हणून स्टूल ठेवाच. त्यावर चष्मा, गोळ्यांची पट्टी, मोबाइल आणि पाण्याचं भांडं मांडा. मांजर स्टुलावर चढतं, वस्तूंची पाहणी करतं आणि गोळ्यांची पट्टी पहिल्यांदा पाडतं, कारण ती स्वस्तातली आहे. टप्. मग ते चष्म्याकडे वळतं. पंज्याने त्याला बोटभर पुढे सरकवतं आणि थांबून तुमच्याकडे बघतं. चष्म्याकडे नाही हं, तुमच्याकडे. पुन्हा बोटभर. चष्म्याची एक दांडी आता स्टुलाबाहेर अधांतरी आहे, परवाच बसवलेली प्रोग्रेसिव्ह काच रस्त्यावरच्या दिव्यात चमकते आहे, आणि मांजराचा पंजा दुसऱ्या दांडीवर नुसता टेकलेला आहे. नवशिके इथे झटकन हात बाहेर काढतात. तुम्हीही काढा. हात बाहेर आला, म्हणजे माणूस जागा आहे. माणूस जागा आहे, म्हणजे वाटी रिकामी राहण्याचं काही कारण उरत नाही.

कॅरीबॅग चाटणं, कपाटावरून पोटावर उडी घेणं आणि मच्छरदाणीत पाय अडकवून लोंबकळणं हे प्रकार घरोघरी बदलतात, त्यांची यादी देत नाही. पण घुरघुरण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यात भलेभले फसतात. मांजर कानाशी येऊन घुरघुरलं की आपल्याला वाटतं, लाडात आलंय. २००९ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे घुरघुरणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. खाणं मागतानाच्या घुरघुरीत त्यांना खर्जाखाली दडलेला एक वरचा सूर सापडला, सुमारे ३८० हर्ट्झचा. तान्ह्या बाळाचं रडणं याच पट्टीच्या आसपासचं. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही ही घुरघुर ऐकून ‘काहीतरी तातडीचं आहे’ असं वाटलं. तेव्हा उठलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही मांजरासाठी उठलाच नव्हता. तुमच्या आतली कुणीतरी आई पाळण्याकडे धावली होती, वाटेत तिला फक्त दाण्यांचा डबा लागला.

५. घरच्यांना सामील करून घ्या

एकट्याने मांजर घडवणाऱ्यांचं कौतुकच आहे, पण एकत्र कुटुंबात हे काम निम्म्या वेळात होतं. पती-पत्नीपासून सुरुवात करा.

‘अहो, उठता का? तुमची लेक आलीय.’

‘माझी? काल रात्री कुणाच्या मांडीवर होती?’

‘मी कालच उठले होते.’

‘काल नाही, परवा. काल ती स्वतःच गप्प बसली.’

‘स्वतः कशी गप्प बसेल? मी चार दाणे टाकले म्हणून बसली!’

हा संवाद साधारण पाच मिनिटं चालतो आणि तेवढ्यात दोघंही पूर्ण जागे होतात. मांजर पायथ्याशी बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे असं टेनिसच्या सामन्यासारखं बघत असतं. यातलं कोण हरणार, हे दोघांच्याही आधी त्याला कळतं.

खरी शक्ती मात्र आजोबांकडे असते. आजोबा पाचला उठतातच. दूध येतं, पेपर येतो, आजोबा गॅसपाशी उभे असतात. मांजर त्यांच्या पायात आठाचा आकडा काढत फिरतं. आजोबांना विचारलंत तर ते दुखावल्या स्वरात सांगतील, ‘मी काही देत नाही हो तिला. साय दिली बोटभर. आणि काल पोळीचा तुकडा. दुधात कालवून.’ मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, पोट बिघडतं, असं त्यांना सांगून पाहा. ते म्हणतील, ‘आमच्या वाड्यात अकरा मांजरं होती, सगळी दुधावर वाढली.’ त्या अकरा मांजरांची पोटं कशी होती, ते त्या वाड्याचा जिना झाडणाऱ्यालाच माहीत.

आजींचं धोरण वेगळं. त्या मांजराला काही देत नाहीत, फक्त तुमच्याकडे बघून म्हणतात, ‘मुक्या जनावराला उपाशी ठेवतात होय रे!’ मुकं जनावर त्या वेळी तार सप्तकात असतं.

आता हिशेब करा. घरात वावरणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. साडेचारला तुम्ही वाटी भरली, पाचला आजोबांची साय झाली, साडेसहाला मुलीने शाळेत जाता जाता ‘हिला कुणी काही दिलं की नाही?’ म्हणून पुन्हा भरली, आठला ऑफिसला निघताना ‘दिवसभर एकटी असते बिचारी’ म्हणून पाऊच फोडला. मांजर प्रत्येकासमोर तितक्याच तळमळीने जेवतं आणि वाटी चाटूनपुसून झाल्यावर पुढच्या गिऱ्हाईकाची वाट बघतं. घरातल्या घरात एकमेकांना विचारायची पद्धत पाडू नका. फ्रिजवर ‘दिलं’ अशी खूण करण्याचा खुळचट प्रकार काही घरांत सुरू झाला आहे, त्याने चार नाश्त्यांचा एक होतो.

शाकाहारी घरांनीही मागे राहू नये. मांजराचा चमचा वेगळा, वाटी वेगळी, मासळीच्या वासाचा तो पाऊच बाल्कनीत नाक दाबून फोडायचा, हे सगळं पहाटे अंधारात चाचपडत करताना जी जाग येते ती नुसत्या अलार्मने येत नाही.

६. दोष सूर्यावर ढकला

मांजर पहाट ओळखतं, त्याला आपण काय करणार, असं म्हणायची सोय आहे. ती वापरा, पण आत्ताच एक गोष्ट जाणून ठेवा, म्हणजे कुणी पेचात पकडणार नाही. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या सुमारास. म्हणजे मांजर खरोखर सूर्यावर चालत असतं तर थंडीत तुम्हाला वर सव्वा तास झोप मिळायला हवी होती. मिळते का? जानेवारीत बाहेर काळाकुट्ट अंधार, कोकिळा नाही, कावळा नाही, दूधवाला आपल्या घरी घोरतोय, आणि चष्म्याची दांडी मात्र बरोबर साडेचारला अधांतरी.

तुमच्या मांजराने सूर्याची नोकरी केव्हाच सोडली. ते आता तुमच्यावर चालतं.

घरात कुणी श्रद्धाळू असेल तर ब्राह्ममुहूर्ताचा आधार घ्यावा. सूर्योदयाआधी एक तास छत्तीस मिनिटांनी तो लागतो, म्हणजे जूनमध्ये मुंबईत चार चोविसाच्या आसपास. मांजराने मला ध्यानाला उठवलं, असं चारचौघांत सांगता येतं. उठून प्रत्यक्षात फरशीवर सांडलेलं पाणी पुसलंत, हे सांगायची गरज नाही.

७. वेळ मागे मागे न्या

साडेचार पक्के झाले म्हणजे थांबायचं नसतं. साडेचारला वाटी मिळते हे कळल्यावर मांजर सव्वाचारपासून तुमच्यापाशी येऊन बसू लागेल, उगाच उशीर नको म्हणून. तुम्ही सव्वाचारला जागे झालातच, तर ‘आता उठलोच आहोत तर’ असं म्हणून घालून टाका. याच मार्गाने चार, मग पावणेचार. एका टप्प्यानंतर पहाट संपून आदल्या दिवसाची रात्र सुरू होते. तिथे थांबलेलं बरं. काही हौशी लोक पुढेही गेले आहेत. ते आता दुपारी झोपतात.

८. यंत्र आणा

ठरलेल्या वेळी आपोआप दाणे टाकणारा फीडर बाजारात मिळतो. विज्ञानाची कमाल आहे. त्यात तुमचा आवाज भरून ठेवता येतो, म्हणजे पहाटे साडेचारला हॉलमधून तुमचाच लाडिक आवाज येतो, ‘मनीऽऽ, ये गं बाळा!’ आणि दचकून सगळं घर उठतं. मनी आधीपासूनच तिथे बसलेली असते.

यंत्राचा एक खरा दुर्गुण सांगतो. मांजराला एकदा उमगलं की खाणं त्या डब्यातून येतं, माणसातून येत नाही, तर ते माणसाला सोडून डब्याला छळू लागतं. तोंडात पंजा घालणं, आडवा पाडणं, तासन्‌तास समोर बसून टक लावणं, सगळं डब्याच्या वाट्याला. तुम्ही आत निवांत घोरत पडता. हे होऊ द्यायचं नसेल तर डबा आडवा पडल्याचा आवाज आल्याबरोबर धावत जा, तो सरळ करा आणि मनस्तापाची भरपाई म्हणून हाताने दोन दाणे द्या. यंत्र जिंकता कामा नये.

९. या गोष्टी चुकूनही करू नका

काही लोक रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं मांजराशी दोरी किंवा पिसाची काठी घेऊन खेळतात, त्याला पळवतात, दमवतात, आणि मग त्याचं रात्रीचं जेवण देतात. शिकार झाली, जेवण झालं, अंग चाटून झालं की मांजर ताणून देतं. रानात ते दिवसभरात सात-आठ उंदरांवर थोडं थोडं करून जगतं, एका उंदरात साधारण तीस कॅलरी. म्हणजे संध्याकाळी सातला एकदाच पोटभर घालून पहाटेपर्यंत उपाशी राहायला सांगणं त्याच्या पोटाला पटत नाही. हे ज्यांना कळलं त्यांची मांजरं सकाळपर्यंत उठवत नाहीत. असे लोक ओळखायला सोपे, त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं नसतात.

त्याहून घातक प्रकार म्हणजे उठल्यावर लगेच खायला न घालणं. माणूस उठतो, दात घासतो, चहा ठेवतो, आंघोळ करतो, पेपर चाळतो आणि मग कुठे अर्ध्या-पाऊण तासाने वाटी भरतो. रोज हेच, सुट्टीच्या दिवशीही हेच, घरातल्या प्रत्येकाचं हेच. हळूहळू मांजराच्या लक्षात येतं की माणूस उठवण्याचा आणि वाटी भरण्याचा काही संबंध नाही. मग ते उठवायचं कशाला? काही आठवड्यांत असं मांजर हातचं जातं.

आणि ‘बिचारी’ ऐवजी ‘अजून वेळ झालेली नाही’ असं शांतपणे, सगळ्यांनी मिळून म्हणणारी घरं तर बघवत नाहीत.

१०. डॉक्टर

एवढा एक मुद्दा जसा लिहिलाय तसाच वाचा. आठ-दहा वर्षांचं, आजवर शांत असलेलं मांजर अचानक वखवखल्यासारखं खाऊ लागलं, रात्री ओरडू लागलं, पाणी जास्त पिऊ लागलं, आणि एवढं खाऊनही त्याचं वजन उतरत असेल, तर त्याला शिकवण लागलेली नाही, दुखणं लागलेलं असू शकतं. थायरॉइड किंवा मधुमेहात असं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासून घ्या.

११. धीर सुटला तर

अकराव्या पायरीपर्यंत बऱ्याच जणांचा धीर सुटतो. ऑफिसात मीटिंगमध्ये डुलकी लागते, लोकलमध्ये उतरायचं स्टेशन मागे जातं, बायको वेगळ्या खोलीत झोपू लागते आणि मांजर तिच्यामागे तिकडे जातं. अशा वेळी सायप्रस बेटावरच्या त्या कबरीची आठवण ठेवावी. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची, नवाश्मयुगातली कबर. उत्खननात माणसाचा सांगाडा निघाला आणि त्याच्या जवळच मांजराचाही. २००४ साली ही बातमी जगभर गेली. त्या गृहस्थाला कायमची झोप लागली, तरी मांजर शेजारी हजर. आपलं दुःख फार जुनं आहे आणि त्यात आपण एकटे नाही, एवढं समाधान पुरे.

‘एकटी असते म्हणून त्रास देते’ असं म्हणून जे दुसरं मांजर आणतात, त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांना आता शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही.

१२. परगावी जाताना

लग्नकार्य निघतं, गावी जावं लागतं, आणि मांजर शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवायची वेळ येते. आयुष्यातला हा सगळ्यात नाजूक टप्पा. काकूंना किल्ली देताना सोबत एक कागद द्या, मोठ्या अक्षरात:

‘पहाटे ४.३०. मनी उठेल. अर्धी वाटी दाणे. वाटी खाली ठेवताना आवाज व्हायला हवा, नाहीतर ती खात नाही. ५.१०. पुन्हा येईल. “मगाशी दिलंय ना?” असं म्हणायचं आणि चार दाणे टाकायचे. ६.३०. पाऊच, अर्धा, कोमट हवा, फ्रिजमधला गार नको. उरलेला अर्धा ती मागेल तेव्हा. पोटाला हात लावू नये.’

काकू कागद हातात घेतील, चष्मा कपाळावर चढवून वाचल्यासारखं करतील, ‘बरं बरं, तू नको काळजी करू’ म्हणतील आणि त्या कागदाची घडी घालून डुगडुगणाऱ्या टीपॉयच्या पायाखाली सरकवतील.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काळजीने फोन कराल.

‘छान आहे की गं,’ काकू सांगतील. ‘देवपूजा आटोपून नऊला जाते मी. सोफ्यावर पसरलेली असते महाराणी. मी घालते, ती खाते, मी येते. संध्याकाळी सातला परत एकदा.’

‘पहाटे रडत नाही ती?’

‘रडेल कुणापुढे?’

हे ऐकून खचून जाऊ नका आणि काकूंवर रागावूही नका. त्यांना काही कळत नाही. लग्न उरकलं की पूजेला न थांबता रात्रीच्याच गाडीचं रिझर्वेशन मिळतं का बघा. घरी पोहोचल्यावर बॅगा खाली ठेवायच्या आधी काकूंकडून किल्ली परत घ्या, हातावर बर्फीचा पुडा ठेवा, आभार माना. मांजर आणखी आठवडाभर त्यांच्या हाताखाली राहिलं, तर तुमची इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात जाईल.